घास गालात धरून बसणं हा हट्ट नसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७६ वर्षांचे, डोंबिवलीला तुमच्याकडे असतात, वर्षभरात विसरभोळे होत गेलेत. कवळी डबीतच पडून असते. घास गालात धरून बसतात, पाणी पिताना ठसका लागतो. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलंय की न चावल्यामुळे स्मृतिभ्रंश होतो, म्हणून रोज च्युइंगम चावायला द्या. हे खरं का आणि करायचं काय?

मी मुंबईत स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्याबरोबर गिळण्याचे उपचारही आमच्याच कामात येतात, हे बऱ्याच घरांत कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

च्युइंगम देऊ नका. ज्यांना तोंडातला घास मागे न्यायला जमत नाही, त्यांच्या तोंडात न विरघळणारी चिकट वस्तू ठेवली तर ती घशात अडकू शकते.

चावण्याचा आणि मेंदूचा संबंध मात्र खरा आहे. दात हाडात थेट रोवलेला नसतो, बारीक तंतूंनी धरलेला असतो आणि त्या तंतूंत दाब ओळखणाऱ्या नसा असतात. भातातला खडा दाताखाली आला की जबडा जागच्या जागी थांबतो, तो त्यांच्यामुळे. यातल्या काही नसांच्या मूळ पेशी थेट मेंदूच्या खोडात, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात असतात. चावताना मेंदूकडचा रक्तप्रवाह वाढतो, हेही मोजलं गेलंय. दाढा काढलेल्या उंदरांच्या मेंदूत, स्मरणाचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. माणसांवरच्या १४ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात जास्त दात गेलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका १.२८ पट निघाला, पण कवळी लावणाऱ्यांमध्ये हा फरक ठळक उरला नाही.

तरीही यावरून 'चावलं नाही म्हणून विसरायला लागले' असं ठरवता येत नाही. विसरायला लागलेला माणूस दात घासायचं विसरतो, दुखतंय हे सांगत नाही आणि मग त्याचे दात जातात. मधुमेह आणि तंबाखू हिरड्याही खराब करतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही. हिरड्यांच्या रोगाचा एक जंतू अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत सापडल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली होती. त्या जंतूवरचं औषध रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा २०२१ मध्ये मुख्य निकषांवर ते अपयशी ठरलं. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडली, त्यांत दात नाहीत. कमी ऐकू येणं आहे, म्हणून वडिलांचे कान जरूर तपासून घ्या.

तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो गालातला घास आणि पाण्याचा ठसका. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी पाच जोड्या खाण्या-गिळण्याच्या कामाला लागतात. घास घशात उतरताना क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं दार बंद होतं आणि सेकंदभरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. एवढा भाग मेंदूच्या खोडातून आपोआप चालतो. पण घास जिभेवर गोळा करून मागे ढकलायची सुरुवात वरच्या मेंदूने करावी लागते आणि स्मृतिभ्रंशात नेमकी तिथेच अडचण येते. तोंडात काहीतरी आहे, पण त्याचं पुढे काय करायचं ते सुचत नाही. घरचे दमलेले असतात, त्यांना वाटतं मुद्दाम करताहेत, आणि आवाज चढतो. माणूस घाबरला की उरलंसुरलं गिळणंही बिघडतं. त्यापेक्षा रिकामा चमचा हलकेच ओठांना लावून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने गिळण्याची क्रिया सुरू होते. पुढचा घास आधीचा उतरल्यावरच द्या.

पाणी सगळ्यात अवघड, कारण ते फार वेगाने घशात जातं. आपल्याकडे भांड्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायची सवय असते. त्यात मान मागे जाते आणि श्वासनलिका बंद व्हायच्या आत पाणी तिथे पोचतं. वडिलांची ही सवय असेल तर आजपासून बंद करा. सरळ बसवून, हनुवटी वर न जाऊ देता, छोटे घोट द्या. अंथरुणावर आडवं असताना तीर्थही नको. पातळ वरणात मोकळा भात किंवा दुधात शेवया, म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र, हे तोंडाला सांभाळायला कठीण जातं. एकजीव कालवलेला मऊ भात, खिमट, दाटसर आंबील सोपी पडते. कोरडे पोहे, चिवडा, फुटाणे नकोत. पण चावता येत असेल तर सगळंच मिक्सरमधून काढू नका. त्याने जेवणावरची वासना जाते आणि वजन उतरतं. पाणी घट्ट करायची पावडरही स्वतःहून सुरू करू नका, पाणी पिणं कमी होऊन शरीर कोरडं पडतं.

आता तोंडाची स्वच्छता. हिच्याविषयी मी घरोघरी जीव तोडून सांगते. म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात थोडीफार लाळ झोपेत जातच असते. त्या लाळेत जंतूंचा साठा असला की न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहणी झाली, ती २००२ साली छापून आली. रोज प्रत्येक जेवणानंतर ज्यांचं तोंड स्वच्छ केलं गेलं त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. मऊ ब्रश आणि रोजची पाच मिनिटं एवढाच खर्च! दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि गालाच्या आतली बाजू ओल्या फडक्याने पुसा. जेवणानंतर बोट चावलं जाणार नाही अशा बेताने गालात घास उरलाय का पाहा. मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडवा. रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवा. ती घालूनच झोपणाऱ्या अतिवृद्धांमध्ये न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट आढळलाय.

कवळी डबीत राहते याचं कारण बहुधा ती आता बसत नाही हे असावं. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि जुनी कवळी हलते, टोचते. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय इथे कमी खर्चात दाखवता येईल. डोंबिवलीहून गर्दीच्या वेळी नेऊ नका, त्यांची ओढाताण होईल.

त्याआधी मात्र न्यूरॉलॉजिस्टला भेटा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर पाहतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालतात. काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं आणि खोकलाही येत नाही, ते बाहेरून कळत नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, सारखा ताप येणं, वजन घटणं या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. लघवीच्या तक्रारीवरची, झोपेची आणि सर्दीची काही औषधं तोंड कोरडं करतात आणि स्मरणही मंदावतात. ती बदलता येतील का असं विचारा, पण परस्पर बंद करू नका. आणि गिळणं अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करा.