‘छप्पन साली आम्ही म्हैसुरात गेलो’

प्रश्न असा आलाय : “सासऱ्यांच्या आठवणींची वही टाइप करते आहे. ते बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले, जन्मभर गावातच राहिले. पण वहीत आहे, ‘छप्पन साली आम्ही म्हैसुरात गेलो, मावशीकडचे राहिले.’ सासूबाई म्हणतात, म्हैसूर त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. ‘स्थलांतरित झालो’ अशी दुरुस्ती करू का?”

अजिबात नको. केली असेल तर खोडा.

सासरे कुठं गेले नाहीत, गाव गेलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबईकडे राहिला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मावशीचं गाव बहुधा त्या बाजूचं. वेंगुर्ला रस्त्यावरची बाची आणि शिनोळी बघा, एकमेकांना लागून आहेत. बाची गेली, शिनोळी राहिली.

शहर की राज्य हे प्रत्ययच सांगतो. गावाला जायचं तर आपण ‘म्हैसूरला गेलो’ म्हणतो. ‘म्हैसुरात गेलो’ म्हटलं की आत गेलो, हद्दीत गेलो. (‘मुंबईत गेला’ असंही म्हणतात, त्यामुळे हा नियम दगडावरची रेघ नव्हे. पण इथं तो -त जपा.)

‘जाणे’चा हा अर्थ आमच्याकडे रोजचा आहे. रान धरणात गेलं, घर रस्त्यात गेलं, जमीन कुळात गेली. वस्तू जागची हलत नाही, हुकूम कुणाचा चालणार ते बदलतं. माझी आजी ‘आम्ही म्हैसुरात गेलो’ आणि ‘वरची पट्टी कुळात गेली’ ही दोन्ही वाक्यं एकाच सुरात बोलायची, भाकरी थापता थापता. १९७३ साली राज्याचं नाव कर्नाटक झालं, तरी तिच्या तोंडी शेवटपर्यंत ‘म्हैसूर सरकार’च.

महाराष्ट्रात जाण्यासाठी झालेल्या सीमालढ्याच्या सभेतला शब्द वेगळा होता : ‘डांबले’. ‘मराठी मुलूख अन्यायानं डांबला’ हे वाक्य इथल्या प्रत्येकानं ऐकलंय. डांबायला कुणीतरी लागतो, ‘गेलो’ला कुणी लागत नाही. म्हणून मोर्चात ‘डांबले’ आणि चुलीपाशी ‘गेलो’, आणि माणसं तीच. वहीत ‘गेलो’ असेल तर तेच राहू द्या, तिथं ‘डांबले’ घातलंत तर घरातला माणूस व्यासपीठावर चढेल.

पुढं ‘जाणे’ उलट्या दिशेनं वापरात आलं : महाराष्ट्रात जायचं. घोषणा तर हिंदीत, ‘रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में’. २००४ साली महाराष्ट्रानं या भागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून कट्ट्यावर ‘कधी जायचं’पेक्षा ‘तारीख कधी’ हेच जास्त ऐकू येतं. मतदानाची तऱ्हाही पालटली. २०१८च्या विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे हा लढा चालवणाऱ्या पक्षाचा, एकही उमेदवार निवडून आला नाही. आणि परवाच शेजारच्या पोराला ‘कुठं जाऊलालास?’ विचारलं, तर म्हणाला, “पुण्याला. इंटरव्ह्यू हाय.” हे ‘जाणे’ मात्र साधं, बॅग घेऊन जायचं. त्याचे आजोबा अजून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, आणि बसस्टँडवर सोडायलाही तेच गेले.

तळटीप द्यायचीच तर ‘म्हैसुरात : तत्कालीन म्हैसूर राज्यात’ एवढी पुरे. ‘राहिले’ला मात्र ‘महाराष्ट्रात राहिले’ अशी टीप देऊ नका, महाराष्ट्र १९६०चा. तेव्हा होतं ते द्विभाषिक मुंबई राज्य.

आणि वहीत १९६७च्या आसपास ‘आमचं आलं’ किंवा ‘आमचं नाही आलं’ असं काही दिसलं तर तेही प्रवासवर्णन समजू नका. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं होतं. त्या यादीत गाव आलं की नाही, एवढाच त्याचा अर्थ.