चार महिने झाले, अजून किती दिवस संशय घेणार?

पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देतेय:

"ताई, माझा नवरा 12 वर्षं रोज पीत होता. चार महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. सासूबाई, दीर सगळे म्हणतात सुटली एकदाची, आता जुनं उगाळू नकोस. पण तो रात्री झोपत नाही, दोन वाजता उठून किचनमधले डबे पुसत बसतो, कशातच रस नाही आणि सारखा चिडतो. मागच्या महिन्यात मित्राकडे एक संध्याकाळ प्यायला, घरी येऊन स्वतःच रडत सांगितलं. मी अजून त्याच्या पाण्याच्या बाटलीचा वास घेऊन बघते. परवा त्याने पाहिलं आणि म्हणाला, चार महिने झाले, अजून किती दिवस संशय घेणार? एका मैत्रिणीने गोळी सुचवलीय, जेवणात गुपचूप मिसळायची, दारू आपोआप सुटते म्हणे. पूर्ण बरा व्हायला नक्की किती वेळ लागतो? मुलगी सात वर्षांची आहे, विचारते बाबा बरे झाले का. काय सांगू?"

अगं, आधी त्या गोळीचं बोलते, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. ती बहुतेक डायसल्फिरम असणार, आणि ती त्याला न सांगता अजिबात द्यायची नाही, एकदासुद्धा नाही. तिने दारूची ओढ कमी होत नाही. शरीर दारू पचवत असतं ना, ते काम ती मधेच अडवते, मग एक विषारी पदार्थ रक्तात साठतो आणि दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं, हार्ट कमजोर असेल तर जीवावर बेतू शकतं. डॉक्टर ती वापरतात, पण माणसाला पूर्ण समजावून, त्याच्या होकाराने, लिव्हर आणि हार्ट तपासून. ती उपयोगी पडते तेच मुळात "आज गोळी घेतलीय, आज प्यायचं नाही" हे त्याला माहीत असतं म्हणून. चोरून दिलेल्या गोळीत ते काहीच नसतं, फक्त धोका उरतो, आणि कळलं की तुझ्या हातचं खाताना तो दहा वेळा विचार करेल.

आता तुझा खरा प्रश्न, किती वेळ. तुला एक आकडा हवाय हे मला कळतंय, पण इथे तीन-चार गोष्टी बऱ्या व्हायच्या असतात आणि प्रत्येकीचा वेग वेगळा असतो, घरात भांडणं होतात ती यामुळेच.

सगळ्यात लवकर संपतो तो विड्रॉल, म्हणजे दारू बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होतं, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आणि आठवडाभरात बहुतेकांचं शरीर शांत होतं. याच दिवसांत काहींना फिट्स येतात, भास होतात, म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. तुमच्याकडे तो टप्पा पार पडलाय. पण घरच्यांनी त्यालाच शेवट धरलंय, आणि खरं तर आजाराचं मोठं काम त्यानंतर सुरू होतं.

कारण मेंदूला वेळ लागतो. दारू मेंदूला रोज गुंगवत होती म्हणून मेंदूने स्वतःला तेवढंच जास्त जागं, जास्त ताणलेलं ठेवायची सवय लावून घेतली, आता दारू गेली पण तो ताण तसाच आहे, उतरायला कित्येक महिने लागतात. झोप तर सगळ्यात उशिरा परत येते, काहींना वर्ष जातं. आनंद वाटायची यंत्रणासुद्धा मंदावलेली असते, त्यामुळे चांगलं जेवण, मुलीचं हसणं, सिनेमा, कशानेच आत काही हलत नाही. तेव्हा रात्री दोन वाजता डबे पुसणारा नवरा पाहून तू घाबरू नकोस, बाटली सोडून डबे हातात घेतलेत ना त्याने. पण हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांग. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचंच व्यसन लागतं. आणि उदास वाटणं वाढत असेल, जगायचा कंटाळा आलाय असं काही तो बोलला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, त्याला चालतील का हे विचार, ती साधारण सहा महिने तरी घ्यावी लागतात.

डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं तर तीन महिने व्यसनाची लक्षणं नसतील तर ती सुरुवातीची सुधारणा, वर्ष झालं की टिकलेली सुधारणा म्हणतात. आणि सलग पाच वर्षं काढली की परत व्यसनात पडायचा धोका बराच खाली येतो, साधारण 15 टक्के किंवा त्याहून कमी. पाच वर्षं ऐकून दचकू नकोस, पाचही वर्षं आजच्यासारखी नसतात, पहिलं वर्ष सगळ्यात अवघड आणि त्यातलंही पहिलं अर्धं.

मागच्या महिन्यातल्या त्या संध्याकाळबद्दल. उपचार घेतलेल्यांपैकी 40 ते 60 टक्के लोक पुन्हा कधीतरी पितात, बीपी आणि दम्याचे पेशंट औषधपाणी सोडतात आणि पुन्हा आजारी पडतात त्याचंही प्रमाण जवळपास तेवढंच आहे. म्हणजे चालतं असं म्हणत नाहीये मी. पण 12 वर्षं लपवून पिणारा माणूस स्वतः येऊन सांगतो ही मला या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. फक्त रडून मोकळं होऊन भागत नाही, त्या संध्याकाळच्या आधी दिवसभरात काय झालं होतं ते काउन्सेलरसमोर बसून शोधा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, त्यांच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी कायम सांगतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांतलं काही ना काही स्लिपच्या, म्हणजे मधेच पुन्हा पिण्याच्या, मागे सापडतंच. रात्रभर जागा असलेला माणूस तर थकलेलाच आहे. त्या मित्राकडे जाणं सध्या बंद, यावर तडजोड नको. आणि उद्या कधी चार-पाच दिवस सलग प्यायला तर घरात बसवून एकदम बंद करायचं नाही, थेट दवाखान्यात.

आता तुझं. तुला सगळे विसर म्हणतायत, आणि तोही म्हणतोय चार महिने झाले. अगं, त्याचं मोजणं केंद्रातून सुरू होतं, तुझं मोजणं 12 वर्षांपूर्वीपासूनचं आहे. तू जिन्यात पावलांचा आवाज ऐकून आजची रात्र कशी जाणार ते ओळखायला शिकलेली बाई आहेस, तुझ्या शरीरातली ती भीती त्याच्या डिस्चार्जबरोबर डिस्चार्ज होत नाही. विश्वास परत यायला दारू सुटण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्याची तारीख त्याने ठरवायची नसते. त्याला शांतपणे एवढंच म्हण, "तू प्रयत्न करतोयस ते मला दिसतंय, पण माझी भीती जायला वेळ लागेल, आणि तो वेळ मला हवाय." एकदाच म्हण, भांडणात नको, सकाळी दोघं शांत असताना म्हण.

बाटलीचा वास घेणं मात्र हळूहळू सोड. त्याने दारू थांबत नाही, प्यायचं असेल तर माणूस बाहेर पिऊन येतो, तू मात्र दिवसातून दहा वेळा त्या जुन्या भीतीत जाऊन येतेस. त्यापेक्षा दोघांनी उघड ठरवा, लपूनछपून काही नको. फॉलोअपला तू सोबत जाणार, उशीर होणार असेल तर तो फोन करणार, पगाराचा हिशोब दोघांसमोर होणार, आणि प्यायला तर त्याच दिवशी सांगणार, सांगितल्यावर तू त्या रात्री आरडाओरडा करणार नाहीस, बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी. हे शेवटचं तुला जड जाईल, पण ओरडा बसणार असेल तर माणूस पुढच्या वेळी सांगत नाही. पण हात उगारणं, वस्तू फेकणं यातलं काही झालं तर यातला कुठलाच करार लागू नाही, मुलीला घेऊन तिथून निघायचं, त्याला आजार आहे म्हणून सहन करायचं नाही.

आणि स्वतःसाठी अल-अनॉनच्या मीटिंगला जा. दारुड्यांच्या घरच्यांसाठी 1951 पासून चालू आहेत या मीटिंगा, ऑनलाइनही असतात, तो एएला जावो न जावो तू जाऊ शकतेस. तिथे तुला कुणी "विसर आता" म्हणणार नाही.

लेकीचं. "बरे झाले" असं सांगू नकोस, कारण परत कधी स्लिप झाली तर आपलंच काहीतरी चुकलं असं पोरांना वाटतं. सात वर्षांच्या मुलीला कळेल एवढंच सांग, बाबांना एक आजार आहे, त्यात दारू प्यावीशी वाटते, त्यावर उपचार चालू आहेत, बरं व्हायला खूप दिवस लागतात, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही, बाबांना बरं करणं हे तुझं काम नाही. पुन्हा पुन्हा विचारेल, पुन्हा पुन्हा हेच सांग. आणि हे सांगताना तिचे बाबा शेजारी बसलेले असतील, त्यातलं एखादं वाक्य तेच बोलले, तर फार बरं.

पुढचा फॉलोअप कधी आहे ते पत्रात नाही लिहिलंस. उद्या केंद्रात फोन करून तारीख घे, झोप, चिडचिड, ती एक संध्याकाळ आणि ही गोळी, चारही गोष्टी कागदावर लिहून ने, आत गेल्यावर निम्म्या विसरायला होतात.

तुझी ताई