घड्याळ थांबलं की वर्क परमिट अडकतं

प्रश्न: ताई, अमेरिकेत असायलमचा (आश्रयाचा) अर्ज टाकून आठ महिने झाले, नवऱ्याचं वर्क परमिट अजून नाही. वकिलांच्या ऑफिसातून सांगतात की घड्याळ थांबलंय. म्हणजे नक्की काय?

उत्तर: तुमचं पत्र वाचून जीव कळवळला हो, आठ महिने कमाईशिवाय काढणं म्हणजे काय ते मला माहितीय.

तिकडे असायलमचा अर्ज दाखल झाला की दिवस मोजायला लागतात, यालाच घड्याळ म्हणतात; १५० दिवस भरले की वर्क परमिटचा आय-७६५ फॉर्म भरता येतो आणि १८० भरल्याशिवाय परमिट मिळत नाही. पण हे कॅलेंडरचे दिवस नव्हेत! आपल्यामुळे उशीर झाला, म्हणजे आपणच कोर्टात पुढची तारीख मागितली, इंटरव्ह्यू पुढे ढकलायला सांगितला किंवा बोटांचे ठसे द्यायला गेलो नाही, तर मोजणी तिथेच थांबते. बहुतेक लोक इथेच फसतात, वकील तयारीसाठी वेळ मागतो आणि घरी कुणाला पत्ताच नसतो. त्यामुळे आधी वकिलांना स्पष्ट विचारा, कुठल्या तारखेला थांबलं, कशामुळे, आणि आज किती दिवस भरलेत. चूक कोर्टाची असेल तर ती दुरुस्त करायला लेखी मागणी करता येते.

आणि हो, घर बदललं असेल तर नवा पत्ता कळवायचा असतो, इमिग्रेशन खात्याला १० दिवसांत आणि केस कोर्टात असेल तर कोर्टाला वेगळा, ५ कामकाजाच्या दिवसांत, नाहीतर तयार झालेलं कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरतं. वकिलाची फी झेपत नसेल तर मोफत मदत देणाऱ्यांची यादी इमिग्रेशन कोर्टातच मिळते, ती जरूर मागा.