वाचकांचे प्रश्न : हेडलेस बेस गिटारच्या तारांची टोके

प्रश्न : आमच्या गावच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवतो. नुकतीच एक जुनी हेडलेस (मानेच्या टोकाला खुंट्या नसलेली) बेस गिटार घेतली. नागपुरातून आणलेला साध्या तारांचा संच बसवून जास्तीची टोके कटरने कापली, तर दोन दिवसांत सर्वांत जाड तारेची गुंडाळी सुटली आणि तिचा आवाज बसला. उरलेली टोके हाताला टोचतात. काय करावे?
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या तारेत दोष नसावा, ती आधी न वाकवता कापली गेली, हेच बहुधा कारण आहे. बेसची तार म्हणजे मधला पोलादी गाभा आणि त्यावर घट्ट गुंडाळलेली दुसरी तार. नेहमीच्या गिटारीत या तारेचे निमुळते टोक खुंटीभोवती वळसे घेते, त्यामुळे गुंडाळी आपोआप धरली जाते. हेडलेसमध्ये खुंट्या ब्रिजकडे, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिकडे, असतात आणि मानेच्या टोकाला तार केवळ एका स्क्रूखाली (क्लॅम्पमध्ये) दाबलेली असते. तिथेच ती कापली, की गुंडाळी गाभ्यावरून सैल होत मागे सरकते. गाभा षटकोनी असेल तर त्याच्या कडा गुंडाळीला थोड्याफार धरून ठेवतात, गोल असेल तर तेवढाही आधार राहत नाही.

म्हणून आधी वाकवायचे आणि मगच कापायचे, हा क्रम कधीही मोडू नये. तारेच्या एका टोकाला असलेला धातूचा गोळा ब्रिजमध्ये अडकवावा, खुंटी बरीचशी सैल ठेवावी म्हणजे पुढे ताणायला जागा उरते, मोकळे टोक क्लॅम्पमधून ओढून घ्यावे आणि ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) स्क्रू आवळावा. सुरात आल्यावर एकेका तारेवर साधारण १८ ते २३ किलो ताण असतो, तेव्हा स्क्रू घट्ट हवा. परंतु अंगातले सगळे बळ लावल्यास तार चेपते किंवा स्क्रूचे आटे जातात. त्यानंतर क्लॅम्पच्या लगेच पुढे तार पक्कडीने काटकोनात वाकवावी, सुरात आणावी आणि वाकवलेल्या भागापुढे सुमारे एक सेंटिमीटर सोडून कापावी.

त्याहून पक्के काम हवे असल्यास कापलेल्या तोंडावर गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याकडून सोल्डरचा थेंब घालून घ्यावा. निकेल चढवलेल्या तारेवर तो सहज बसतो, स्टेनलेस स्टीलवर मात्र साध्या फ्लक्सने (सोल्डर धरावे म्हणून लावायच्या लेपाने) धरत नाही. काही जण सुपरग्लू लावतात. माझ्या मते तो जोडीला ठीक आहे, वाकवण्याऐवजी मुळीच नाही.

टोचण्यावर उपाय स्वस्त आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातून हीट श्रिंक ट्यूब (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) आणावी : जाड तारेला ४ मिलिमीटर, सर्वांत बारीक तारेला २ मिलिमीटर. प्रत्येक टोकावर तुकडा चढवून सोल्डरिंग आयर्नची केवळ ऊब द्यावी. आगपेटीची ज्योत लावू नये, मानेचा रंग जळतो. कार्यक्रमात शेजारचा गायक अगदी जवळ उभा असतो, त्यामुळे हे काम टाळू नका.

मूळच्या काही हेडलेस गिटारींना, १९८० च्या सुमारास पुढे आलेल्या स्टाइनबर्गरप्रमाणे, दोन्ही टोकांना गोळा असलेल्या तारा लागतात. त्या कापायच्याच नसतात, पण ठराविक लांबीच्याच घ्याव्या लागतात आणि सहसा मागवाव्या लागतात. तुमच्याकडे स्क्रूचा क्लॅम्प आहे, तेव्हा साध्या तारा चालतील. सुटलेली तार मात्र पुन्हा पूर्वीसारखी वाजणार नाही. ती एकच तार सुटी मिळाली तर पूर्ण संच घेण्याची गरज नाही. बाकीच्या तिन्ही टोकांना क्लॅम्पपुढे पुरेशी लांबी उरली असेल, तर ती आजच वाकवून घ्या.