ऑटिस्टिक मुलाला बोलण्यासाठी टॅबलेट दिला तर त्याचं तोंडाने बोलणं कायमचं थांबेल का?

नाही. ही भीती सगळ्यांनाच वाटते, पण तिला आधार नाही. खुणा, चित्रं अशा बोलण्याला पूरक मार्गांवरच्या संशोधनाचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या भरवशाच्या नोंदींमध्ये कुणाचंही बोलणं कमी झालेलं आढळलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच.

पूर्वी यासाठी वेगळी यंत्रं घ्यावी लागत आणि ती भयंकर महाग असत. २००९ मध्ये प्रोलोक्वोटूगोसारखी ॲप्स आली आणि आधी फोनवर, मग साध्या टॅबलेटवर काम होऊ लागलं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो.

आता खरी मेख. घरचे हौसेने 'पाणी', 'जेवण', 'शू' एवढंच भरून ठेवतात. 'नको', 'थांब', 'दुखतंय', 'मला एकटं राहू दे' हे पहिल्याच पानावर हवं. (मुलाने 'नको' म्हटलेलं आपल्याला आवडत नाही, तो आपला प्रश्न.) बटणांच्या जागा वरचेवर बदलू नका. काही दिवसांनी बोट न बघता 'नको'वर जातं, टायपिंग करताना आपलं जातं तसंच. मांडणी हलली की तो शब्द हातातून गेला.

कार्टूनसाठी जमल्यास दुसरा टॅबलेट ठेवा. बोलायचा टॅबलेट शिक्षा म्हणून कधीच काढून घेऊ नका.

आणि तुम्हीही त्याच्यासमोर तीच बटणं दाबून बोला. नुसतं हातात देऊन कुणी शिकत नाही.