वाचक विचारतात: बर्ड फ्लू आणि परसातल्या कोंबड्या

प्रश्न : शेजारच्या तालुक्यात बर्ड फ्लूची बातमी आहे. आमच्याकडे ४० गावठी कोंबड्या आहेत. व्यापारी निम्म्या भावात मागतोय. विकून टाकाव्यात का?

उत्तर : घाईने विकू नका. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतले पक्षी सरकार नष्ट करते, त्यापलीकडचे सहसा देखरेखीखाली राहतात. आधी तुमचे अंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. खरा धोका त्या व्यापाऱ्याच्या पिंजऱ्यातून आणि क्रेटमधून येतो. त्याला खुराड्यापर्यंत येऊच देऊ नका.

कोंबड्या बंदिस्त ठेवा, जाळी लावा, तळ्याचे पाणी पाजू नका. दाराशी चप्पल-बूट बुडवायला घमेले ठेवा : ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक) २ लिटर आणि पाणी ३ लिटर. चप्पल आधी खरवडून धुवा. शेण-माती लागलेली असेल तर औषध तिथेच निकामी होते. बहुतेकांचे इथेच चुकते. द्रावण रोज बदला. नवे पक्षी ३ आठवडे वेगळे ठेवा.

तुरा निळा-काळा पडणे, डोके सुजणे, एकाएकी मरतुक : पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगातही असेच दिसते, त्यामुळे निदान प्रयोगशाळेतच होते. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, उकिरड्यावर टाकू नका. आणि लपवू तर मुळीच नका. भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.

अंडी-मांस ७० अंशांवर नीट शिजले की विषाणू मरतो, हे गिऱ्हाइकांना जरूर सांगा.