सॉलिडॅरिटीला मराठीत काय म्हणावं : एकजूट, बांधिलकी का इर्जिक?

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. 20 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांचा 'इंटरनॅशनल ह्यूमन सॉलिडॅरिटी डे' असतो, त्यांच्या कॉलेजात त्यावर कार्यक्रम आहे, विषय जगातले सगळ्यात गरीब देश आणि बाकीच्या जगानं त्यांच्यासाठी काय करावं. बॅनरवर कुणीतरी 'मानवी एकजुटता दिवस' लिहून आणलंय, तर ते बरोबर आहे का, आणि 'लीस्ट डेव्हलप्ड कंट्रीज'ला 'मागासलेले देश' लिहिलं तर चालेल का?

ताई, 'एकजुटता' काढूनच टाका. हिंदीत 'एकजुट' हे विशेषण आहे म्हणून त्यांना 'ता' लावावा लागतो. आपल्याकडं एकजूट हे नामच आहे, ती एकजूट, त्याला वरून 'ता' कशाला.

पण मग नुसतं एकजूट इथं बसतं का, तर माझ्या मते अर्धंच बसतं. एकजूट म्हटलं की एकाच रांगेत उभी असलेली माणसं डोळ्यासमोर येतात आणि समोर कुणीतरी असतं, कामगारांची एकजूट, ऊसवाल्यांची एकजूट. 1980 ला पोलंडमधे ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यातून जी कामगार संघटना उभी राहिली तिचं नावच सॉलिडॅरिटी होतं, तिला एकजूट म्हणा, शंभर टक्के बरोबर. पण नॉर्वेचा टॅक्स भरणारा माणूस आणि नायजरचा शेतकरी एका रांगेत नाहीत ना. काहीजण 'साथ' सुचवतात, शब्द गोड आहे पण 'आंतरराष्ट्रीय साथ' वाचलं की लोकांना कोरोनाच आठवणार.

या शब्दाचं मूळ बघितलं तर वाट सापडते. रोमन कायद्यात 'इन सॉलिडम' अशी कर्जाची एक पद्धत होती, चारजणांनी मिळून कर्ज घेतलं तर प्रत्येकजण आपल्या हिश्श्याला नाही, सगळ्या कर्जाला जबाबदार. फ्रेंचमधे कायद्याचा शब्द म्हणून तो आला आणि पुढं समाजाबद्दल वापरला जायला लागला. आपल्या बचत गटातल्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या मिळून भरतात. म्हणजे सॉलिडॅरिटीच्या पोटात दया नाही, जामीन राहणं आहे. म्हणून मला 'बांधिलकी' जास्त जवळचा वाटतो, त्यात बांधलं जाणं आहे, आणि सामाजिक बांधिलकी हा शब्द लोकांच्या कानावरून गेलेला आहे.

आता विभक्तीकडं बघा, खरी गोम तिथं आहे. 'गरीब देशांना मदत' म्हटलं की 'ना' लागला, देणारा वर आणि घेणारा खाली. 'गरीब देशांशी बांधिलकी' म्हटलं की 'शी' लागला, दोघं समोरासमोर आले. बॅनर करताना एवढं एक अक्षर सांभाळा.

हे मी नुसतं व्याकरण म्हणून सांगत नाही. आमच्या आजीच्या तोंडी बहात्तरच्या दुष्काळातला एक शब्द शेवटपर्यंत होता, मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो हे तिचं तिकडचंच नाव, आपल्या लोकांनी ते तसंच उचललं. त्या धान्यावर घरंच्या घरं जगली, हे कुणी नाकारत नाही, आजीही नाही. पण 'मिलो खाऊन दिवस काढले' हे ती मान खाली घालून सांगायची, कारण तिकडं ही ज्वारी जनावरांच्या खाद्यात जाते हे नंतर सगळ्यांना कळलं होतं.

त्याच आजीच्या तोंडी दुसरा शब्द होता इर्जिक, आणि तो सांगताना ती ताठ बसायची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एखाद्याचा बैल मेला किंवा घरचा माणूस आजारी पडला आणि नांगरट मागं राहिली तर गाव आपापली बैलं आणि आऊत घेऊन त्याच्या रानात उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं, मजुरी कुणी घ्यायचं नाही आणि संध्याकाळी तो माणूस सगळ्यांना जेवू घालायचा. म्हणजे ज्याला मदत झाली तोच यजमान! मिलोत आणि इर्जिकीत हाच फरक आहे. सावड वेगळी बरं का, आज तू माझ्या खुरपणीला ये, उद्या मी तुझ्या, तिथं हिशोब चोख असतो, देशादेशातले व्यापार करार सावडीसारखे. सॉलिडॅरिटी इर्जिकीच्या जातीची.

भारताचा 1964 पासून एक कार्यक्रम चालू आहे, आयटेक, त्यात आफ्रिका-आशियातले लोक इकडं येऊन शिकून जातात, आणि त्याच्या नावात 'मदत' कुठंच नाही, 'तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य' आहे. राजस्थानात तिलोनियाला आफ्रिकेतल्या खेड्यातल्या बायका सोलर दिवे बसवायला शिकल्या त्या अशाच. कुणीतरी विचारपूर्वक निवडलेला शब्द आहे तो.

आणखी एक, कर्जाला मदत म्हणू नका. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, त्यानंतर आमच्या लातूर-उस्मानाबादकडं जी नवी गावं वसली त्याला लोक सरसकट 'जागतिक बँकेची मदत' म्हणतात. खरं तर ते आयडीएचं कर्ज होतं, जागतिक बँकेचा गरीब देशांसाठी 1960 ला काढलेला जो भाग आहे त्याचं, लांब मुदतीचं आणि व्याज जवळजवळ नाहीच, पण कर्जच, आणि ते भारत सरकारनं घेतलेलं. 'विकास साहाय्य' या शब्दात अनुदान आणि सवलतीचं कर्ज दोन्ही येतं, म्हणून लेखात जे असेल ते नाव घेऊन लिहा.

आता 'मागासलेले'. 'लीस्ट डेव्हलप्ड कंट्रीज'ची यादी संयुक्त राष्ट्रांनी 1971 ला केली, तेव्हा 25 देश होते, 2024 च्या शेवटी साओ तोमे हा आफ्रिकेजवळचा बेटांचा देश बाहेर पडल्यावर 44 राहिले. भारत त्यात कधीच नव्हता, पण शेजारचे नेपाळ-बांगलादेश आले, भूतान 2023 ला आणि मालदीव 2011 ला बाहेर पडले. नाव घालताना उत्पन्न बघतात, शिक्षण-आरोग्य बघतात आणि तो देश बाजाराच्या नाहीतर निसर्गाच्या धक्क्याला किती नाजूक आहे हेही बघतात. समुद्र वर येतोय म्हणून तुवालूसारखं बेट धोक्यात असेल तर ते मागास कसं? मागास म्हटलं की दोष त्याच्यावरच जातो. 'अत्यल्प विकसित देश' लिहा, जरा जड आहे पण न्याय्य आहे.

आणि हे आपण मराठवाड्याच्या लोकांनी तर चटकन ओळखायला पाहिजे, कारण आपल्याला 'मागास' पण ऐकावं लागलं आणि 'अनुशेष' पण आपल्याच भांडणातून घरोघरी गेला. राज्यातला कुठला भाग विकासात किती मागं राहिला हे मोजायला 1983 ला दांडेकर समिती नेमली, 84 ला अहवाल आला, सिंचनाचा एवढा, रस्त्यांचा एवढा अनुशेष म्हणून आकडे मांडले, आणि एका शब्दानं मागणीचं येणं झालं. आपण भीक मागत नव्हतो, राहिलेलं मागत होतो. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के विकास साहाय्याला द्यावेत हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत 1970 ला झाला, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके पाळत आले, बाकी बहुतेकांचं वर्षानुवर्षं राहूनच गेलंय. त्याला मराठीत काय म्हणायचं तर माझ्या मते अनुशेषच म्हणायचं, भाषणात कुणी बोलणार असेल तर हा शब्द जरूर वापरा, समोरच्या पोरांना एका क्षणात कळेल.

बॅनरवर 'आंतरराष्ट्रीय मानवी बांधिलकी दिवस' घ्या. खाली घोषणेत एकजूट घ्यायची असेल तर घ्या, फक्त 'एकजूट' मधला जू दीर्घ आणि 'एकजुटीचा' मधला जु ऱ्हस्व, प्रिंटवाल्याला कागदावर लिहूनच द्या.